पागेला सुतक नसतें

घरांत मृत्यु झाला म्हणजे त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. शेजारच्या घरून पिठलें-भात येतो, ओटीवर माणसें मुकाट्यानें येऊन बसतात, आणि दहा दिवस घरचे नेहमींचे व्यवहार जणूं थांबून राहतात. समाजानें दुःखाला दिलेली ही सवड आहे. परंतु ज्या घरीं गोठा असतो त्या घराचा अनुभव थोडा निराळा असतो. गाईची धार वेळेवर काढावीच लागते. बैलांपुढें वैरण टाकावीच लागते. जनावराला सुतक कळत नाहीं आणि त्याची भूक कोणाच्या शोकासाठीं खोळंबत नाहीं. डोळे पुसत पुसत कोणी तरी उठतें व दावणीकडे जातें. आणि पुष्कळ वेळां तें उठणें हाच त्या घराच्या सावरण्याचा आरंभ असतो.

हाच अनुभव आयर्लंडमधील एका घराला २०२२ च्या सप्टेंबर महिन्यांत आला. तेथें गोठ्याच्या जागीं शर्यतीच्या घोड्यांची मोठी पागा होती, आणि त्या पागेंत त्या देशाच्या कौतुकाचा विषय होऊन बसलेली एक घोडी होती. पुढील सहा महिन्यांत त्या घोडीची तयारी कशी झाली, ती दोनदां कां हरली आणि शेवटीं कशी जिंकली, हें पाहिलें म्हणजे शर्यतीच्या घोड्याचें शिक्षण ही काय वस्तु आहे तें कळतें. आणि शोकांत बुडालेल्या माणसाला नेमाचें काम कोठपर्यंत आधार देऊं शकतें, तेंहि कळतें.

आयर्लंडच्या आग्नेय भागांत वॉटरफर्ड नांवाचा परगणा आहे. त्यांतील नॉकीन या ठिकाणीं हेन्री डी ब्रॉमहेड यांची पागा आहे. त्यांचे वडील हॅरी हेहि घोडे तयार करण्याच्याच व्यवसायांत होते. त्यांच्याकडून ही पागा हेन्री यांनीं २००० सालीं आपल्या हातीं घेतली. तिकडे शर्यतीसाठीं घोडा तयार करावयाचा तर परवाना लागतो, आणि असा परवाना असणारास ट्रेनर म्हणतात. घोड्याचा मालक निराळा, त्याच्या पाठीवर बसणारा जॉकी निराळा आणि ट्रेनर निराळा. मालक आपला घोडा ट्रेनरच्या पागेंत ठेवतो व त्याचा खर्च देतो. परंतु घोड्याची चंदी, व्यायाम, औषधपाणी आणि त्याला कोणत्या शर्यतींत केव्हां उतरवावयाचें याचा विचार, हा सर्व भार ट्रेनरच्या शिरावर असतो. अशा पागा बहुधा घरगुतीच असतात. राहतें घर आणि तबेले एकाच आवारांत असतात. त्यामुळें ट्रेनरचा व्यवसाय हा एकट्या माणसाचा राहत नाहीं. बायको, मुलें, मोतद्दार, सर्वांचाच दिवस घोड्यांच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो.

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर होणाऱ्या शर्यती ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढें सपाट जमिनीवर धांवणारे घोडे उभे राहतील. डी ब्रॉमहेड यांची कीर्ति अडथळ्यांच्या शर्यतींत आहे. या शर्यतींचे मुख्य प्रकार दोन. एका प्रकारांत सुमारें साडेतीन फूट उंचीचीं, धक्का लागल्यास कलणारीं हलकीं कुंपणें असतात. त्यांस हर्डल म्हणतात. दुसऱ्या प्रकारांत साडेचार फूट वा त्याहून उंच अशीं घट्ट बांधलेलीं कुंपणें ओलांडावयाचीं असतात. अंतर कमींत कमी दोन मैलांचें, आणि कांहीं शर्यतींत चार मैलांहून अधिक. सपाट मैदानावरचा घोडा दोन वर्षांचा होतांच धांवूं लागतो. अडथळ्यांचा घोडा चार-पांच वर्षांचा झाल्यावर खऱ्या अर्थानें कामाला लागतो आणि पुढें दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंतहि धांवतो. म्हणजे असा घोडा एखाद्या पागेंत वर्षानुवर्षें राहतो. घरच्या मुलांबरोबर तोहि मोठा होतो.

या शर्यतींचा सर्वांत मोठा उत्सव इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत चेल्टनहॅम येथें दर मार्च महिन्यांत चार दिवस भरतो. २०२१ सालच्या उत्सवांत डी ब्रॉमहेड यांनीं चॅम्पियन हर्डल, चॅम्पियन चेस आणि गोल्ड कप या तिन्ही प्रमुख शर्यती जिंकल्या. एकाच उत्सवांत या तिन्ही शर्यती जिंकणारे ते पहिलेच ट्रेनर होत. त्यानंतर महिना उलटण्यापूर्वींच, ता. १० एप्रिल २०२१ रोजीं, त्यांच्याच पागेच्या मिनेला टाइम्स या घोड्यानें ग्रँड नॅशनल ही जगप्रसिद्ध शर्यत जिंकली. त्या घोड्यावर रेचल ब्लॅकमोर ही टिपररी परगण्यांतील शेतकऱ्याची मुलगी बसली होती. ग्रँड नॅशनल जिंकणारी ती पहिली स्त्री ठरली.

चॅम्पियन हर्डल जिंकली ती घोडी म्हणजे हनीसकल. हें एका सुवासिक फुलवेलीचें नांव आहे. कुमाईत रंगाची ही घोडी २०१४ सालीं जन्मली. तिचे मालक स्कॉटलंडमधील केनी अलेक्झांडर. २०१८ च्या नोव्हेंबरांत हर्डलच्या शर्यतींत ती प्रथम उतरली, आणि तेव्हांपासून २०२२ च्या एप्रिलअखेरपर्यंत लागोपाठ सोळा शर्यती तिनें जिंकल्या. चॅम्पियन हर्डल तिनें २०२१ आणि २०२२ अशी दोनदां जिंकली; आयरिश चॅम्पियन हर्डल लागोपाठ तीन वर्षें जिंकली. या प्रत्येक शर्यतींत तिच्यावर ब्लॅकमोरच होती. २०२१ सालीं कोव्हिडच्या साथीमुळें चेल्टनहॅमचें मैदान प्रेक्षकांवांचून रिकामें होतें. तेव्हां घोडी जिंकून आली ती रिकाम्या बांकांसमोरून. ही गोष्ट पुढें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

ता. ३ सप्टेंबर २०२२ हा शनिवार होता. आयर्लंडच्या नैर्ऋत्येस केरी परगण्यांत ग्लेनबे नांवाचें गांव आहे. तेथील समुद्राच्या वाळवंटावर उन्हाळ्याच्या अखेरीस तट्टांच्या शर्यती होतात. आयर्लंडांत लहान मुलें अशा शर्यतींतूनच स्वारी शिकतात. पुढें नांवारूपास आलेले कितीएक जॉकी या तट्टांवरूनच पुढें आले. डी ब्रॉमहेड यांच्या तेरा वर्षांच्या मुलाला घोड्यांचें वेड होतें. त्या दिवशीं तो ग्लेनबेच्या वाळवंटावर तट्टाच्या शर्यतींत उतरला होता. शर्यत चालू असतां तो पडला, आणि त्या अपघातांत त्याचा अंत झाला.

ज्या व्यवसायावर घर उभें होतें, आणि ज्या विद्येचा त्या घराला अभिमान होता, तिच्याच पायरीवर मुलगा गेला. नदींत मुलगा गमावलेल्या नावाड्यानें दुसऱ्या दिवशीं पुन्हां होडींत पाय ठेवावा, तशी ती वेळ होती. अशा वेळीं घोड्यांकडे पाठ फिरविली असती तर त्या आईबापांना कोणीहि दोष दिला नसता. परंतु पागा बंद करणें म्हणजे दुकानाला कुलूप लावणें नव्हे. तेथें प्रत्येक खणांत एक जिवंत प्राणी उभा असतो. त्या प्राण्याचें काम मध्येंच कां थांबवितां येत नाहीं, हें कळण्यासाठीं त्याचें शिक्षण कसें होतें तें पाहिलें पाहिजे.

अडथळ्यांच्या घोड्याचें वर्ष साधारणपणें असें असतें. वसंताच्या अखेरीस मोठ्या शर्यती संपल्या कीं त्याला कुरणांत मोकळें सोडतात. तेथें तो चरतो, लोळतो, अंगानें सुटतो. जुलै-ऑगस्टच्या सुमारास त्याला पुन्हां पागेंत आणतात. मग कित्येक आठवडे त्याला केवळ चालवितात व दुडक्या चालीनें रपेट देतात. पाहणाऱ्यास हें काम कंटाळवाणें वाटतें. पण सगळा पाया येथेंच घातला जातो. घोड्याचें हृदय आणि स्नायु व्यायामानें लवकर बळकट होतात; हाडें आणि कंडरा यांना मात्र फार वेळ लागतो. हाड हा निर्जीव खांब नाहीं. त्यावर बेताबेतानें भार पडत गेला म्हणजे तें आंतून स्वतःला पुन्हां बांधून घेतें व अधिक टणक होतें. घाई केली तर तें बांधून होण्यापूर्वींच त्याला तडा जातो.

कंडरांची गोष्ट याहून नाजूक आहे. घोड्याच्या पुढच्या पायांत गुडघ्याखालीं मांसल भाग जवळजवळ नसतोच. तेथें हाड आणि त्याला लगटून गेलेल्या कंडरा एवढेंच असतें. सुमारें पांचशें किलो वजनाचें शरीर भरधांव सुटलें म्हणजे प्रत्येक झेपेंत असा एक क्षण येतो कीं सारा भार एकाच पायावर असतो, आणि त्या पायावर पडणारा दाब शरीराच्या वजनाच्या अडीच पटींपर्यंत जातो. कंडरांना रक्ताचा पुरवठा थोडा; त्यामुळें एकदां दुखावलेली कंडरा भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात. म्हणून पागेंत रोज सकाळीं पहिलें काम असतें तें घोड्याच्या पायांवरून हात फिरविण्याचें. एखाद्या ठिकाणीं किंचित् ऊब लागली, बोटाला थोडी सूज जाणवली, तर त्या दिवशींची रपेट रद्द. हा हात रोजच्या ओळखीचाच असावा लागतो. कालचा पाय ज्याला ठाऊक आहे त्यालाच आजचा फरक कळतो.

पाया पक्का झाल्यावर चाल वाढवितात. चढणीच्या वाटेवर घोड्याला थोडें अंतर जोरानें नेऊन, पुन्हां चालवून, पुन्हां जोरानें नेतात. विसांव्याच्या वेळीं घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीस ते चाळीस असतात. भरधांव धांवेंत ते दोनशेंच्या वर जातात. धांव संपल्यावर ते किती लवकर खालीं येतात यावरून घोड्याची तयारी ओळखतां येते. याच काळांत हर्डलवरून उडी घेण्याचा सराव चालतो. उडी शिकवावयाची म्हणजे उंच उडवावयाचें नव्हे. अडथळ्यापूर्वींच्या शेवटच्या तीन-चार झेपा मोजून नेमक्या जागेवरून उठणें आणि गति न मोडतां पलीकडे उतरणें, हें खरें कसब आहे. जो घोडा दर हर्डलपाशीं थोडी थोडी गति गमावतो, तो कितीहि वेगवान् असला तरी मागें पडतो.

खाण्याचा नेम तर याहूनहि कडक. घोड्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें लहान असतें. रानांत तो दिवसाचा बहुतेक वेळ थोडें थोडें चरत असतो. म्हणून पागेंत त्याला चंदी एकदम न देतां दिवसांतून कितीदां तरी विभागून, ठरलेल्या वेळीं द्यावी लागते. वेळ चुकली किंवा दाणा एकाएकीं बदलला तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ प्राणघातक ठरूं शकतो. उलट, कसलेल्या घोड्याला काम न देतां पुरी चंदी चालू ठेवली तर पुन्हां कामाला लावतांच त्याचे स्नायु आखडतात. गाड्यांच्या घोड्यांना रविवारीं सुटी मिळे तेव्हां दुसऱ्या दिवशीं हा विकार दिसे; म्हणून इंग्लंडांतील लोक त्याला ‘सोमवारचा रोग’ म्हणत. थोडक्यांत, घोड्याला उपास घडवितां येत नाहीं आणि त्याला बसवूनहि ठेवतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे. घोडा हा कळपांत राहणारा, संकटाची चाहूल घेणारा प्राणी आहे. सभोंवारच्या जिवांचा ताण तो पटकन् टिपतो. इंग्लंडांतील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठ्ठावीस घोड्यांना त्यांनीं अनोळखी माणसांचीं रागावलेल्या व हंसऱ्या चेहऱ्यांचीं छायाचित्रें दाखविलीं. रागावलेला चेहरा पाहतांच घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक झपाट्यानें वाढले, आणि तो चेहरा ते डाव्या डोळ्यानें पाहूं लागले. घोड्याला माणसाचा शोक समजतो, असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण लगाम धरणाऱ्या हाताचा कंप आणि माणसाची मुद्रा त्याच्या ध्यानांतून सुटत नाहीं, हें पागेंतल्या जुन्या माणसांचें म्हणणें अगदीं पोकळ नाहीं, एवढें खास. म्हणून मोतद्दार घोड्यापाशीं जातांना आपला श्वास आवरतो, आवाज हळू करतो. माणसाचें मन आंत कितीहि फाटलेलें असो, घोड्यापाशीं त्याला शांत व्हावेंच लागतें. आणि शांततेचा हा रोजचा सराव कांहीं अंशीं खरा होत जातो.

२०२२ च्या सप्टेंबरांत ज्या कुटुंबावर घाला पडला, त्याच्या पागेंतील वर्ष नेमकें याच टप्प्यावर होतें. कुरणांतून आलेल्या घोड्यांचा पाया घातला जात होता. तें काम त्या आठवड्यांत सोडलें असतें तर पुढचा सारा मोसम कोसळला असता. घोडे उभे राहिले असते, मालकांना ते दुसरीकडे न्यावे लागले असते, आणि पागेवर पोट असलेल्या माणसांचेंहि काम गेलें असतें. त्या घरानें आंत काय भोगलें हें बाहेरच्यास कळण्याजोगें नाहीं, आणि त्याविषयीं तर्क करणेंहि योग्य नाहीं. दिसलें तें इतकेंच, कीं पागा चालू राहिली आणि हनीसकलची तयारीहि चालू राहिली.

ता. ४ डिसेंबर २०२२ रोजीं फेअरीहाउसच्या मैदानावर हनीसकल मोसमांतील पहिल्या शर्यतीला उतरली. हीच शर्यत तिनें मागील तीन वर्षें ओळीनें जिंकली होती. या वेळीं ती तिसरी आली. टीहूपू या घोड्यानें ती शर्यत जिंकली, आणि हनीसकलची सोळा विजयांची माळ तुटली. त्यानंतर ता. ५ फेब्रुवारी २०२३ रोजीं लेपर्ड्सटाउन येथें आयरिश चॅम्पियन हर्डल झाली. तींत स्टेट मॅन या तरुण घोड्यानें तिला मागें टाकलें व ती दुसरी आली.

येथें कथा सांगणारास एक मोह होतो. घर शोकांत होतें म्हणून घोडी हरली, असें म्हणणें सोपें आहे व तें ऐकावयासहि हृद्य वाटतें. परंतु त्याला आधार नाहीं. घोडी नऊ वर्षांची झाली होती. अडथळ्यांच्या मोठ्या कुंपणांवर घोडे या वयांत भरांत असतात. पण दोन मैलांच्या हर्डलला जी निखालस गति लागते, ती या वयांत थोडी उतरूं लागते. शिवाय प्रतिस्पर्धी नवे व बलाढ्य होते. घोडीला झालें होतें तें वय. आणि वय ही कांहीं कोणाची चूक नाहीं.

ट्रेनरच्या विद्येची खरी परीक्षा अशाच वेळीं होते. पुढें तीन वाटा होत्या. घोडीला येथेंच निवृत्त करावें. चॅम्पियन हर्डलमध्यें तिसऱ्यांदा उतरवावें. किंवा चेल्टनहॅमलाच होणाऱ्या केवळ घोड्यांच्या माद्यांसाठीं राखलेल्या मेअर्स हर्डलमध्यें धांववावें. निवृत्त करण्यांत धोका कांहींच नव्हता. चॅम्पियन हर्डलमध्यें कीर्ति होती, पण त्या वर्षीं तेथें कॉन्स्टिट्यूशन हिल हा तोंवर अजिंक्य राहिलेला घोडा येणार होता. अशा शर्यतींत घोडीला नरांपेक्षां सात पौंड कमी वजन वाहावें लागतें; तेवढ्या सवलतीनेंहि ती त्याला गांठूं शकली असती असें दिसत नव्हतें. मेअर्स हर्डलचें अंतर सुमारें अडीच मैल. अधिक अंतराला निखालस गतीपेक्षां दम आणि निश्चय यांचें मोल वाढतें, आणि हे दोन गुण घोडींत शिल्लक होते. हीच शर्यत तिनें २०२० सालीं जिंकलीहि होती. शेवटीं तिसरी वाट ठरली, आणि ही घोडीची अखेरची शर्यत असेल असेंहि जाहीर झालें. मोठेपणाच्या हट्टापायीं तिला तिच्या शक्तीबाहेरच्या झुंजींत लोटलें नाहीं. शोकांतल्या माणसाला एखाद्या मोठ्या विजयानें दैवाला उत्तर द्यावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. तसें न करतां घोडीला जें झेपेल तेंच तिच्याकडून मागितलें, यांत त्या सहा महिन्यांतील सर्वांत अवघड शिस्त दिसते.

ता. १४ मार्च २०२३, मंगळवार. त्याच दिवशीं त्याच मैदानावर कॉन्स्टिट्यूशन हिलनें चॅम्पियन हर्डल जिंकून दाखविली. मेअर्स हर्डलमध्यें लव्ह एन्व्हॉय ही घोडी पुढें होती. हनीसकल तिच्या पाठोपाठ. चेल्टनहॅमच्या मैदानाचा शेवट चढावर आहे. शेवटचें हर्डल ओलांडल्यावर दमलेल्या घोड्याला उभा चढ चढावा लागतो, आणि कितीएक शर्यती तेथेंच फिरतात. त्या चढावर ब्लॅकमोरनें घोडीला हांक दिली. झेपेझेपेनें अंतर कमी होत गेलें. ती बरोबरीला आली, पुढें गेली, आणि दीड लांबीनें जिंकली. जिंकणाऱ्या घोड्याच्या शरीराची लांबी हें तेथें अंतराचें माप असतें. एकोणीस शर्यतींतील हा सतरावा विजय होता.

मग जें झालें तें त्या मैदानानें क्वचितच पाहिलें असेल. विजयी घोडी जेथें आणतात त्या आवाराकडे लोकांचा लोंढा धांवला. ज्यांनीं दुसऱ्या घोड्यांवर पैसे लावून गमावले होते तेहि टाळ्या वाजवीत होते; इतर जॉकी आपली खोली सोडून बाहेर येऊन उभे राहिले. दोन वर्षांपूर्वीं ज्या घोडीचें स्वागत रिकाम्या बांकांनीं केलें होतें, तिच्यासाठीं त्या दिवशीं पाय ठेवण्यास जागा उरली नव्हती. घोडीभोंवतीं ते कुटुंब उभें होतें. येथें आणखी एकजण असावयास हवा होता अशी सर्वांची भावना असल्याचें ब्लॅकमोरनें शर्यतीनंतर बोलून दाखविलें. त्या जयघोषांत घोडीचें कौतुक होतें, यांत शंका नाहीं. पण समाचाराला कसें जावें, काय बोलावें, हें ज्यांना सुचत नव्हतें अशा हजारों माणसांना त्या दिवशीं तो जयघोष हीच समाचाराची भाषा सांपडली.

घोड्यांच्या शर्यतींच्या जगाला असे प्रसंग अपरिचित नाहींत. २००२ च्या ऑक्टोबरअखेर, ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें जेसन ऑलिव्हर हा जॉकी सरावाच्या धांवेंत घोड्यावरून पडून दगावला. त्याचे वडील रे ऑलिव्हर हेहि जॉकीच होते व १९७५ सालीं शर्यतींतील अपघातानेंच गेले होते. जेसनचा धाकटा भाऊ डेमियन यानें त्यानंतर कांहीं दिवसांतच, ता. ५ नोव्हेंबर रोजीं, मेलबर्न कप ही त्या देशाची सर्वांत मोठी शर्यत मीडिया पझल या घोड्यावर बसून जिंकली, आणि रेषा ओलांडतांना आकाशाकडे हात केला. योगायोग असा कीं तो घोडाहि आयर्लंडमधीलच डर्मॉट वेल्ड या ट्रेनरनें तयार केलेला होता. या दोन्ही गोष्टींत विजय खरा आहे. पण त्या विजयामागें एक रिकामी जागाहि आहे, आणि ती विजयानें भरत नाहीं. शिवाय हा खेळ आपल्याच माणसांचा बळी घेतो, ही गोष्ट टाळ्यांच्या आवाजांत विसरली जाऊं नये. जॉकीच्या डोक्यावर टोप व अंगांत संरक्षक बंडी सक्तीची झाली, तरी भरधांव घोड्यावरून पडणें अद्याप निर्धोक झालेलें नाहीं. मुलांच्या शर्यतींत तर ही काळजी दुप्पट घ्यावयास हवी.

म्हणून हनीसकलच्या शेवटच्या धांवेला चमत्कार म्हणूं नये. घोडी कोणाचें सांत्वन करावयास धांवली नाहीं; तिला त्या घरांत काय घडलें तें ठाऊकहि नव्हतें. तिला ठाऊक होती ती चंदीची वेळ, पायांवरून फिरणारा हात आणि चढणीची वाट. दुःखाचें ओझें तिनें उचललें नाहीं. पण तिच्यामुळें रोज पहांटे कोणाला तरी अंथरूण सोडावें लागलें. शोकांतल्या माणसाला उपदेश नकोसा होतो. मात्र दाव्याला बांधलेलें भुकेलें जनावर उपदेश करीत नाहीं. तें नुसतें वाट पाहतें.

ता. १६ मार्च रोजीं, म्हणजे अवघ्या दोन दिवसांनीं, त्याच पागेच्या एन्व्हॉय ॲलन या घोड्यानें त्याच उत्सवांत आणखी एक मोठी शर्यत जिंकली. हनीसकल निवृत्त होऊन पैदाशीच्या कुरणांत गेली, व २०२४ सालीं तिला पहिलें शिंगरूं झालें. रेचल ब्लॅकमोरनें २०२५ च्या मे महिन्यांत घोडेस्वारीच्या व्यवसायाचा निरोप घेतला. नॉकीनच्या पागेंत मात्र चेल्टनहॅमचा उत्सव आटोपल्यावरहि पहांट नेहमींच्याच वेळीं झाली असेल. खणाखणांतून घोड्यांनीं माना बाहेर काढल्या असतील, आणि कोणी तरी बादली उचलून त्यांच्याकडे निघालें असेल.